कार्ताहेना दे इंडियास

२० नोव्हेंबर, गुरुवार

परवानगी मिळाली. कशी मिळाली ते आत्ताच लिहून ठेवते, कारण उद्यापर्यंत मी स्वतःलाच वेगळं काहीतरी सांगायला लागेन.

व्हिसा दुपारी ईमेलवर आला. मी ड्रॉइंगचे नंबर टाकत बसले होते, शेजारी नमिता. तिला स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, "आधी घरी सांग, मग नाच." दोहातल्या या ऑफिसात मराठी बोलणारी तेवढी एकच, त्यामुळे माझी सगळी पापं तिच्याकडे जमा असतात.

संध्याकाळी अब्बा न्यायला आले. गाडीत बसल्या बसल्या सांगायचं ठरवलं होतं, पण सी रिंग रोडच्या सिग्नलपर्यंत तोंडच उघडलं नाही. मग म्हटलं, "अब्बा, डिसेंबरात दहा दिवस सुट्टी टाकतेय. एकटीच जाऊन येते."

"कुठे?"

मी पूर्ण नाव सांगितलं. व्हिसाच्या अर्जात लिहिलं होतं, अगदी तसंच. "कार्ताहेना दे इंडियास."

अब्बांनी आरशात बघितलं, लेन बदलली, मागच्या लँडक्रूझरला पुढे जाऊ दिलं. "इंडियास?"

"हो."

"बरं," अब्बा म्हणाले. "जा."

आता मी खोटं बोलले का? नाही. शहराचं नावच ते आहे. स्पॅनिश लोक इंडिया शोधायला निघाले, भलतीकडेच पोचले आणि त्या भलतीकडच्या सगळ्यालाच इंडीज म्हणायला लागले. स्पेनमध्ये एक कार्ताहेना आधीच होतं, म्हणून हे दुसरं, कॅरिबियन समुद्रावरचं, कोलंबियातलं, कार्ताहेना दे इंडियास. इंडीजमधलं कार्ताहेना. पण मराठी कानाला काय ऐकू येतं? पुण्यास, मुंबईस, इंडियास. आणि मध्ये तो 'दे'. सहा महिन्यांपूर्वी नकाशावर हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी कोणालातरी दम देतंय, ए, ते कार्ताहेना दे इंडियास. दोन दिवस हसत होते. तिसऱ्या दिवशी फोनवर तिथले रस्ते बघायला लागले. आता माझ्या दोन वह्या त्या शहराने भरल्यात, पिवळ्या भिंती, निळे सज्जे, कोपऱ्यावरची कुत्री सुद्धा. कादंबरी म्हणावं असं काहीतरी आहे ते. फक्त मी तिथे गेलेले नाही, आणि वहीतल्या शहराला वास नाही. म्हणून जायचंय. ते पण एकटीने, कुणाचं बोट न धरता.

ते लोक इंडियाला निघाले आणि तिथे पोचले. मी पण इंडियाला निघालेय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अम्मीला अब्बांनीच सांगितलं, नाश्त्याला. "तसनीम डिसेंबरात जाऊन येतेय." एवढंच. कुठे ते सांगितलंच नाही. अम्मीने चहाचा कप खाली ठेवला.

"इंडियाला? एकटी?"

अब्बांनी घावन तोंडात घातलं. माझ्या तोंडात आधीच होतं. अम्मीने त्याचा अर्थ हो असा घेतला. दहा मिनिटांत रत्नागिरीवाल्या बायकांच्या ग्रुपवर मेसेज गेला होता: तसनीम गावाला चाललीय, काय पाठवायचं असेल तर सांगा.

मला भीती वाटायला हवी होती. मी बाथरूममध्ये नळ सोडून हसले.

नमिताचं म्हणणं, आजच्या आज सांगून टाक. मी म्हटलं, तिकीट निघालं की सांगते. तिकीट काल रात्रीच काढलंय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

थोडक्यात वाचले. पिवळ्या तापाची लस घेतली, त्याचं पिवळं कार्ड टेबलावर तसंच राहिलं. चार्जर शोधायला अब्बा माझ्या खोलीत आले आणि कार्ड हातात घेऊन उभे राहिले. उलटून मागची सही, शिक्का, सगळं बघितलं.

"हे कशाचं?"

"फ्लूचं," मी म्हटलं.

"हो का." कार्ड त्यांनी माझ्या पासपोर्टमध्ये नीट घालून ठेवलं. "जपून ठेव. हे हरवलं की एअरपोर्टवर फार त्रास देतात."

फ्लूच्या कार्डाला कोण त्रास देणार? पण अब्बांचं असंच असतं, कागद दिसला की जपून ठेव. दोहात येण्याआधी सहा वर्षं जहाजावर खलाशी होते, तेव्हापासूनची सवय. त्या सहा वर्षांबद्दल ते फारसं बोलत नाहीत. विचारलं की म्हणतात, काय सांगायचं, तेलाचा वास आणि बटाटे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा प्रयोग: एकही क्रियापद नाही.

दुपार, नमाजनंतर. घरभर बिर्याणीचा वास. दारात जहूरचाचा, थेट अबू हमूर भागातून, काखेत डबल ब्लँकेट, गावच्या आईसाठी. पाठोपाठ उजमाआंटी, अम्मीची मैत्रीण, हातात तीन अत्तरं, एक नणंदेला, उरलेल्या दोघांची नावं गुपित. मग वरच्या मजल्यावरच्या शोभाकाकू, पुण्याच्या बहिणीसाठी बदाम, खजूर आणि मिल्क पावडरचा भलामोठा डबा. "मुंबईपासून पुणं काय लांब, सिताराभाभी?" अम्मीच्या एका हातात वजनाचा काटा, चेहऱ्यावर ईद. अठरा किलो. माझी स्वतःची बॅग रिकामी. माझं तोंड बंद.

प्रयोग बरा झाला. क्रियापद नसलं की कबुली देता येत नाही, हा त्यातला फायदा.

१ डिसेंबर, सोमवार

नमिताला लंच ब्रेकमध्ये सगळं सामान सांगितलं. तिने डबा बंद केला.

"म्हणजे तू मिल्क पावडर घेऊन कोलंबियात उतरणार."

"शोभाकाकूंची आहे."

"तसनीम. पांढरी पावडर. कोलंबियाला. अगं उलटं असतं ते."

आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरचा इजिप्शियन इंजिनियर विचारायला आला की काय झालं. त्याला काय सांगणार.

मग ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, "हे बघ, अंकलना दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तू या जन्मात एकटी समुद्रावर, कॉर्निशला फिरायला पण जाणार नाहीस." हे मात्र खरं आहे. अब्बा चिडत नाहीत. ते फक्त पुढच्या वेळी "बघू" म्हणतात, आणि त्यांचं बघू म्हणजे खलास.

शनिवारी सांगेन. इन्शाल्ला.

३ डिसेंबर, बुधवार

अब्बांचं काहीतरी बिनसलंय. म्हणजे चांगल्या अर्थाने. रोज एक सूचना.

परवा: "विमान बदलताना मोजे घाल, थंडी असते." मुंबईला जाताना कुठे विमान बदलायचंय? त्यांना अजून मस्कतवरून जायचे दिवस आठवत असणार.

काल: "डिसेंबरात तिकडे समुद्रावरून वारा येतो. ऊन लागतं ते कळत नाही, टोपी घे." रत्नागिरीत मी कधी टोपी घातलेली त्यांनी बघितलीये?

आज गाडीत, एकदम मध्येच: "दगडी रस्ते आहेत. ती गुळगुळीत सोलची चप्पल नको." आमच्या गावात आता सगळं डांबरी झालंय, हे पण त्यांना माहीत नाही. बिचारे. किती वर्षांत गेले नाहीत. मला एकदम वाईट वाटलं आणि मी म्हटलं, "हो अब्बा, बूट घालीन."

ते खुश दिसले. रेडिओचा आवाज वाढवला.

सामान आता सव्वीस किलो. अम्मीने माझ्या बॅगेला आधीच तिढा घालून दोरी बांधलीये आणि वर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय: तसनीम बशीर, रत्नागिरी.

६ डिसेंबर, शनिवार

सांगितलं.

अब्बा महिन्यातून एकदा उत्तरेच्या अल रुवैस बंदरावर मासे आणायला जातात. इथल्या कुठल्याही मार्केटात तोच मासा मिळतो, पण त्यांना बोटीवरून उतरलेला हवा असतो. मी म्हटलं, मी पण येते. तासभर वाळवंटातून सरळ रस्ता, मी पंचवीस वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी धक्क्यावर, ते एका हमूरचे कल्ले बघत होते, तेव्हा म्हणून टाकलं.

"अब्बा, मी इंडियाला नाही चालले."

"माहितीये," अब्बा म्हणाले. मासा त्यांनी उलटा केला. "कालचा आहे हा."

"माहितीये म्हणजे? कधीपासून?"

"गाडीत बोललीस तेव्हापासून. दुसरा दाखव रे."

माझ्या पायाशी जाळ्यांचा ढीग होता, मी त्याच्यावरच बसले. दोन आठवडे मी मजा घेत होते, आणि मजा माझीच चालली होती.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

ते माझ्याकडे न बघता बोलले. "तू कोलंबिया म्हणाली असतीस तर मला नाही म्हणावं लागलं असतं. बाप दुसरं काय म्हणतो? एकटी पोरगी, तीन विमानं. तू म्हणालीस इंडियास. आता इंडियाला जाऊ नको असं कसं म्हणणार? म्हणून हो म्हटलं." मग मासेवाल्याला, "हा घे. साफ कर. यल्ला."

साफ होईपर्यंत आम्ही बोटी बघत उभे राहिलो. आणि तेव्हा अब्बांनी सांगितलं. तेलाचा वास आणि बटाटे याच्या पलीकडचं, पहिल्यांदा.

त्यांचं जहाज कार्ताहेनाला लागलं होतं. माझ्या जन्माच्या आधी, तीन दिवस. ऑफिसर लोक शहरात गेले. खलाशांना उतरायचा पास मिळाला नाही. आठ इंडियन होते, आठही वरच. ड्यूटीवर राहिलेल्या धाकट्या ऑफिसरची, थर्ड मेटची, दुर्बीण मागून घेतली होती. त्यातून एक पिवळं गेट दिसायचं, वर घड्याळ. लोक आत जायचे, बाहेर यायचे. "मुंगीएवढे," अब्बा म्हणाले. "एक बाई रोज डोक्यावर फळं घेऊन आत जायची. तीन दिवस आम्ही पैज लावायचो, आज किती वाजता जाईल."

"मग?"

"मग काय. चौथ्या दिवशी निघालो. मग तू झालीस, मग जमिनीवरची नोकरी बघितली."

मी दोन वह्या भरल्यात त्या शहरावर. अब्बांना कधी एक पान दाखवलं नाही. मला वाटायचं त्यांना काय कळणार.

"तुम्ही पण चला ना," मी म्हटलं. खरं सांगायचं तर म्हणताना मी बोटींकडेच बघत राहिले, कारण मला एकटीला जायचंय. ते त्यांना दिसलं असणार.

"नको," ते म्हणाले. "तू जा. पण अम्मीला तू सांग. ते खोटं माझं नाही."

"तुम्ही घावन खात होतात."

"घावन खाणं म्हणजे खोटं बोलणं नाही."

येताना गाडीत माशांचा वास, आणि आम्ही दोघंही उगाचच हसत होतो.

७ डिसेंबर, रविवार

अम्मीला सांगितलं. कांदा चिरत होती, तो संपवला. मग दुसरा घेतला.

"कोलंबिया. कुठं आला ता?"

मी फोनवर दाखवलं. तिने नकाशा दोन बोटांनी ओढून दोहापासून तिथपर्यंत नेला. बराच वेळ लागला, मध्ये सगळा निळा समुद्र.

"एवढा लांब? आणि तुमाला म्हायीत होता?" हे अब्बांना. अब्बांनी पेपर वर धरला.

"तिथं बायकांच्या होस्टेलमध्ये राहणार आहे मी. लोकेशन चालू ठेवीन. रोज फोन करीन."

"लग्न झालेल्या बायका पण जात नाहीत गो एवढ्या लांब."

"म्हणून तर."

तिने सुरी खाली ठेवली आणि कोपऱ्यातल्या सामानाकडे बघितलं. दोरीने बांधलेली बॅग, ब्लँकेट, मिल्क पावडर. मला वाटलं आता रडेल. "आणि ह्याचा काय करायचा? लोकांनी विश्वासानं दिलंय. मी ग्रुपवर काय सांगू? पोरगी चुकून दुसरीकडं गेली?"

 उत्तरासाठी नमिताला फोन लावला, तर ती म्हणाली, मी आधीच सांगितलं होतं.

८ डिसेंबर, सोमवार

उत्तर अम्मीकडेच होतं. मी ऑफिसमधून आले तर बॅगेवरचं माझं नाव खोडलेलं, त्याखाली मार्करने: सितारा बशीर, रत्नागिरी.

"सामान कुणीतरी पोचवायला पायजे," अम्मी म्हणाली. "मी जातंय."

दोन वर्षांपासून तिला तिच्या बहिणीकडे जायचंय आणि दोन वर्षांपासून काही ना काही कारण निघतंय. आता सव्वीस किलो कारण होतं.

"माझ्या जेवणाचं काय?" अब्बा.

"हमूर हाय फ्रीजरमध्ये. आणि तुमाला घावन आवडतात, तेवढे येतील करायला."

तिकीट परवाचं. माझं गुरुवारचं. अब्बा दोनदा एअरपोर्टला जाणार. अम्मी माझ्याशी अजून नीट बोलत नाहीये, पण कपाटातून नवीन ओढणी काढून आरशासमोर उभी होती, आणि गुणगुणत होती. मला वाटतं तिला घाईत विसर पडला की ती रागावलेली आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

बोर्डिंगच्या आधी. अब्बा आत येता येईल तेवढे आत आले. मला वाटलं शेवटी काही सूचना देतील. म्हणाले, "मोजे?"

मी पाय वर करून दाखवले.

"बरं. जा."

१३ डिसेंबर, शनिवार

साओ पावलो, बोगोटा, आणि काल दुपारी इथे. कालचा दिवस झोपेत गेला. आजचा सगळा पायात.

वास आहे. लिहून ठेवते आधी: तळलेल्या मासळीचा, ओल्या चुन्याचा, घोडागाडीतल्या घोड्यांचा, कलिंगडाचा. दगडी रस्ते आहेत, गुळगुळीत सोल चालला नसता. समुद्रावरून वारा येतो, ऊन लागतं ते कळत नाही, नाक सोललंय. लाकडी सज्ज्यांवरून बोगनवेल रस्त्यावर लोंबते आणि लोक तिला डोक्याने बाजूला सारत चालतात. दुपारी मासा आणि त्याबरोबर नारळाच्या दुधातला भात. नंतर कमानीखाली एका बाईकडून नारळाची मिठाई घेतली, आणि ती आमच्या मावशीच्या नारळवडीसारखी निघाली, तशीच थोडी करपलेली. मी एकटीच रस्त्यात उभी राहून हसत होते. अम्मीला फोटो पाठवला. ती मावशीच्या ओटीवर होती. उत्तर आलं: साखर जास्त वाटते.

माझ्या वह्यांमधलं जवळपास सगळं चूक आहे. निळा सज्जा हिरवा आहे. कुत्री दुसऱ्याच कोपऱ्यावर झोपतात. आणि घड्याळाच्या मनोऱ्यामागचा तो मोठा चौक, जिथे मी माझ्या पात्रांना फुगे घेऊन नाचवलं होतं, तिथे जहाजांतून आणलेल्या माणसांचा बाजार भरायचा. पाटीवर लिहिलंय. ते वाचून मी वही मिटून कट्ट्यावर बसले. फुग्यांचं ते पान रात्री फाडलं. दुसरं काय लिहायचं ते अजून माहीत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

शुक्रवारी मी टॅक्सीने मागच्या बाजूने जुन्या शहराच्या भिंतीच्या आत आले होते, त्यामुळे अब्बांचं गेट राहूनच गेलं होतं. आज सकाळी भिंतीच्या दुसऱ्या वाटेने बाहेर पडले, वळसा घालून बोटींच्या धक्क्याकडे आले आणि तिथून फोन लावला. इथे साडेनऊ, दोहात साडेपाच. अब्बा ऑफिस सुटून ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली गाडीतच बसले होते. वर कोणी नाही, म्हणून वर जात नव्हते.

व्हिडिओ अडकायला लागला. म्हणाले, "बंद कर ते. नुसतं सांग."

मी सुरू केलं. "भिंत अशी आहे ना अब्बा, की जणू समुद्राने स्वतःला..."

"तसं नको. गेट किती रुंद आहे ते सांग. आपली गाडी जाईल?"

"मधल्या कमानीतून जाईल. आरसे मिटून."

"दार बंद असतं?"

"दारच नाहीये. नुसत्या तीन कमानी."

"पास कोण बघतं?"

"कोणी नाही."

"पोलीस?"

"आहे एक. आइस्क्रीम खातोय."

 पलीकडून अब्बांच्या गाडीच्या एसीचा आवाज येत होता.

"मग जा आत," ते म्हणाले.

गेले. दहा-बारा पावलं. आत गार सावली, थोडा मुतारीचा वास, मग एकदम ऊन आणि चौक.

"झालं?"

"झालं. आत आहे मी."

"एवढंच?"

"एवढंच, अब्बा."

"परत बाहेर ये."

आले.

"आता परत जा."

गेले. कमानीपाशी एक टोपीवाला उभा होता, डोक्यावर एकात एक दहा टोप्या. पहिल्यांदा त्याने मला टोपी दाखवली. दुसऱ्यांदा पण दाखवली. तिसऱ्यांदा त्याने हात खाली घेतला. चौथ्यांदा तो सरकून वाट द्यायला लागला. मला तेवढं स्पॅनिश येत नाही, मी फोनकडे बोट दाखवून म्हटलं, "पापा." त्याने सरळ फोन हातात घेतला आणि अब्बांशी मिनिटभर बोलला, हात हलवून, मनोऱ्याकडे बोट दाखवून. पलीकडून अब्बांचा आवाज येत होता: हां. हां. बरोबर. शुक्रन.

फोन परत घेतल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

"मला काय माहीत," अब्बा म्हणाले. "पण मनापासून बोलला."

पाचवी फेरी. सहावी. मी घामाने चिंब. पोलिसाचं आइस्क्रीम संपलं होतं आणि तो आता टोपीवाल्याला विचारत होता, ही कोण, आणि टोपीवाला त्याला समजावून सांगत होता, काय ते देव जाणे, पण पोलीस मान हलवत होता.

"अब्बा, खलास?"

"दमलीस?"

"नाही."

"मग अजून एकदा," अब्बा म्हणाले. "या वेळी हळू जा."